नांगराच्या नावाची, नाटकाच्या घरची

इंग्लंडमधल्या गावच्या पबमध्ये फिडलवाले, म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिनवादक, जमले की 'स्पीड द प्लाऊ' ही धून बऱ्याचदा वाजतेच. नावाचा अर्थ, नांगराला यश मिळो. तिथल्या शेतकऱ्यांचे हे जुने मागणे बिअरच्या मगांवरही लिहिलेले सापडते. त्यामुळे ही धून कुणा अनाम शेतकऱ्याने बांधावर बसून बांधली असावी, असेच ऐकणाऱ्याला वाटते.

प्रत्यक्षात ती लंडनच्या रंगभूमीची, आणि जन्मली ती आरमाराच्या कौतुकातून.

ऑगस्ट 1798 मध्ये नाईलच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनने फ्रेंच आरमाराची दाणादाण उडवली. देशभर जल्लोष झाला आणि आरमारासाठी विजयस्तंभ उभारायची टूम निघाली. शिल्पकार जॉन फ्लॅक्समनने ग्रिनिचच्या टेकडीवर ब्रिटनचे स्त्रीरूप असलेल्या ब्रिटानियाचा 230 फुटी पुतळा उभारायचे सुचवले. ते कागदावरच राहिले. कव्हेंट गार्डनच्या थिएटरने मात्र 1799 मध्ये 'द नेव्हल पिलर' हा संगीत खेळच लावला. शब्द थॉमस डिब्डिनचे, संगीत जॉन मूरहेड या आयरिश व्हायोलिनवादकाचे. ही धून आधी याच खेळाच्या नावाने ओळखली जाई.

1800 च्या सुमारास थॉमस मॉर्टनचे विनोदी नाटक 'स्पीड द प्लाऊ' गाजू लागले आणि धुनेला त्याचे नाव चिकटले. या नाटकातल्या मिसेस ग्रंडी रंगमंचावर एकदाही येत नाहीत. त्या काय म्हणतील, याच धास्तीत शेजारीण मात्र अर्धी होते. आपल्याकडच्या 'लोक काय म्हणतील'चा हा इंग्रजी अवतार भाषेत कायमचा राहिला.

धून मात्र खेड्यांत उतरली. तिचे दोन भाग, प्रत्येक 8 बारचा, म्हणजे तालाच्या आठ खंडांचा. दोन्ही दोनदा वाजवले की 32, म्हणजे नाचाची एक फेरी नेमकी पूर्ण. अशा धुना वादक हाताने उतरवून घेत. थॉमस हार्डी या कादंबरीकाराच्या घरी तीन पिढ्या वादक होते. त्याने लिहून ठेवले आहे, की चर्चचे वादक वहीच्या एका टोकाकडून भजने लिहीत, वही उलटी करून दुसऱ्या टोकाकडून नाचाच्या चाली. शेवटी देव आणि दंगा मधल्या पानांवर भेटत.

पुढे शिकागोचा पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील याने आयरिश धुनांच्या संग्रहात हिलाही घेतले. मूरहेड आयरिश होता, तेव्हा ती आयरिश असल्याचा दावा अगदीच वावगा म्हणता येत नाही.