एक बटण, एक कागद

रेषेपासून भिंतीपर्यंत : लेखांक ११

“भाऊ, यातला खरा कागद कोनता?” मिस्त्रीने मोबाइल माझ्यापुढे धरला तेव्हा भिंत सिलपर्यंत आली होती. मोताळ्यात मलकापूर रस्त्याच्या कडेला एका घराचे काम चालू होते आणि नकाशा माझा होता. त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच घराच्या तीन पीडीएफ होत्या. एकीचे नाव ‘फायनल’, दुसरीचे ‘फायनल नवीन’, तिसरीचे नुसतेच ‘प्लॅन १’. मालकाच्या सांगण्यावरून मी स्वयंपाकघराचे दार दीड फूट सरकवले होते. सुधारलेला नकाशा मालकाच्या मोबाइलवर गेला आणि मिस्त्रीने आपल्या मोबाइलवरचा जुना उघडला. भिंत उतरवावी लागली. काही विटा परत वापरता आल्या, पण सिमेंट आणि दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी गेली.

ती चूक माझी होती आणि ती अजून बोचते, कारण ड्रॉइंगमधली एकही रेष चुकलेली नव्हती. जे चुकले ते सगळे शेवटच्या दोन मिनिटांत चुकले. मालक दारात उभा, मोटरसायकल चालू, “फक्त पीडीएफ टाका” म्हणतोय, आणि मी घाईत कागदाचा आकार, स्केल, फाइलचे नाव निवडतोय. गेल्या आठवड्यात आपण मॉडेल आणि लेआउट यांतला फरक पाहिला : घर मॉडेलमध्ये खऱ्या मापाने काढायचे आणि कागद लेआउटमध्ये मांडायचा. आज त्या मांडलेल्या कागदाची पीडीएफ एका बटणावर कशी काढायची ते पाहू.

आधी थोडे मागे जाऊ. ज्यांनी ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने काम केले आहे त्यांना अमोनिया प्रिंटचा नाकात जाणारा वास आठवत असेल. ट्रेसिंगखाली रसायन लावलेला कागद ठेवायचा, वरून तीव्र उजेड द्यायचा आणि मग कागद अमोनियाच्या वाफेतून काढायचा. जिथे शाईने उजेड अडवला तिथे निळी-जांभळी रेष उमटायची. दुरुस्ती करायची तर ब्लेडने शाई खरडायची. काम कष्टाचे होते, पण त्यात एक मोठी सोय होती : ट्रेसिंग एकच असायचे. कागद केवढा, स्केल काय, भिंतीची रेष जाड की बारीक, सगळे त्या ट्रेसिंगवर ठरूनच गेलेले असायचे. प्रिंट दहा काढल्या तरी दहाही सारख्या.

संगणकावर ही सोय सुटली. ऑटोकॅड १९८२ मध्ये आले, पीडीएफ १९९३ मध्ये, आणि २००८ मध्ये पीडीएफला आयएसओचे मानक मिळाले. आज पीडीएफ हेच आपले ट्रेसिंग आणि तीच आपली अमोनिया प्रिंट. रेषा रेषा म्हणूनच साठवल्या जातात, त्यामुळे कितीही मोठे करून पाहिले तरी त्या फाटत नाहीत. पण ड्रॉइंगच्या फाइलमध्ये कागद ठरलेला असेलच असे नाही. तो दर वेळी प्लॉटच्या खिडकीत नव्याने ठरवता येतो, आणि जे दर वेळी ठरवता येते ते दर वेळी वेगळेही ठरू शकते. म्हणून बटणाकडे मी वेळ वाचवायचे साधन म्हणून पाहत नाही. ट्रेसिंगमध्ये जो ठामपणा होता तो बटणाने परत मिळतो, आणि मला ते त्यासाठी हवे असते.

नेमके किती गोष्टी ठरवाव्या लागतात ते पाहायचे तर ऑटोकॅडच्या कमांड लाइनवर प्लॉट हा शब्द त्याच्या आधी वजाचे चिन्ह लावून टाइप करा. खिडकी उघडत नाही, प्रोग्रॅम एकेक प्रश्न विचारत जातो. सविस्तर मांडणी हवी का? कोणता लेआउट? कोणते यंत्र? कागदाचा आकार? मिलिमीटर की इंच? उभा की आडवा? उलटा छापायचा का? कोणता भाग? कोणते स्केल? कागदाच्या मधोमध का? प्लॉट स्टाइल लावायची का, आणि कोणती? रेषांची जाडी पाळायची का? फाइलचे नाव? बदल जतन करायचे का? छापू का? असे पंधरा-वीस प्रश्न होतात. खिडकीतून प्लॉट करतानाही हेच प्रश्न असतात, फक्त आपण बहुतेकांकडे न बघता ‘ओके’ दाबतो. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकाला मी ही प्रश्नावली एकदा वहीत लिहून काढायला लावतो. ज्याला प्रश्न माहीत नाहीत त्याने उत्तरे बटणाच्या हवाली करू नयेत.

आता उत्तरे साठवायची. पहिली पायरी नाव दिलेला पेज सेटअप. लेआउटवर उजवे क्लिक करून पेज सेटअप मॅनेजर उघडा, ‘नवीन’ म्हणा आणि त्याला ‘साइट-ए३’ असे ओळखू येणारे नाव द्या. यंत्र म्हणून ऑटोकॅडचाच ‘डीडब्ल्यूजी टू पीडीएफ’ निवडा, कागद ए३, म्हणजे ४२० गुणिले २९७ मिलिमीटर. प्लॉटचा भाग ‘लेआउट’ आणि स्केल एकास एक, कारण घराचे स्केल लेआउटमधल्या व्ह्यूपोर्टला आधीच दिलेले आहे. ‘फिट टू पेपर’ची खूण काढा. ही एक खूण राहून गेल्यामुळे बिघडलेले नकाशे मी सर्वांत जास्त पाहिले आहेत.

दुसरा पेज सेटअप परवानगीच्या नकाशासाठी करावा लागतो, आणि तो वेगळा का हवा हे नीट समजून घ्या. साइटवरच्या कागदावर सगळ्या रेषा काळ्या हव्यात, म्हणून तिथे ‘मोनोक्रोम’ नावाची प्लॉट स्टाइल लावतात. ती ड्रॉइंगमधला प्रत्येक रंग काळा करते. पण बांधकाम परवानगीच्या नकाशात रंगाला अर्थ असतो. नवे प्रस्तावित काम लाल, पाडायचे काम पिवळ्या तिरप्या रेघांनी, अस्तित्वातला रस्ता हिरवा. हाच नकाशा साइटच्या बटणाने बाहेर काढला तर कोणती भिंत पाडायची आणि कोणती बांधायची यातला फरकच पुसला जातो. म्हणून माझ्याकडे दोन बटणे आहेत, आणि त्यांची चित्रेही वेगळी ठेवली आहेत : एक काळे, एक लाल.

पेज सेटअप तयार झाला की प्लॉटची प्रश्नावली आपोआप छोटी होते. ‘सविस्तर मांडणी हवी का?’ याला ‘नाही’ म्हटले की प्रोग्रॅम मुख्यतः लेआउटचे, पेज सेटअपचे आणि यंत्राचे नाव विचारतो, फाइल कुठे ठेवायची ते विचारतो आणि शेवटी होकार मागतो. ही उत्तरे ओळीने एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिली की झाली स्क्रिप्ट. यात एक कठोर नियम आहे : स्क्रिप्टमध्ये रिकामी जागा म्हणजे एंटर. एक जागा जास्त पडली तरी पुढची सगळी उत्तरे एकेक घर सरकतात आणि फाइलच्या नावाच्या प्रश्नाला यंत्राचे नाव जाऊन बसते. पेज सेटअपचे नावही अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे.

स्क्रिप्टची मर्यादा अशी की तिच्यात फाइलचे नाव कायम राहते, आणि माझी भिंत तर नावानेच पाडली होती. इथे ऑटोलिस्प उपयोगी पडते. ही छोटी भाषा ऑटोकॅडमध्ये १९८६ पासून आहे. ज्यांच्याकडे स्वस्तातले ऑटोकॅड एलटी आहे त्यांना ती बरीच वर्षे मिळाली नव्हती, २०२४ च्या आवृत्तीपासून मिळाली. माझा लिस्प तीसेक ओळींचा आहे. तो आधी ड्रॉइंग सेव्ह करतो. मग शीटच्या उजव्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमधून कामाचा क्रमांक, शीटचे नाव आणि सुधारणेचा क्रमांक वाचतो. त्यांतून ‘०७-तळमजला-आर३’ असे नाव जोडतो. त्याच शीटची जुनी पीडीएफ असेल तर ती ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवतो आणि मगच प्लॉट करतो. टायटल ब्लॉकचे हे रकाने साध्या अक्षरांत न लिहिता ‘अ‍ॅट्रिब्यूट’ म्हणून ठेवावे लागतात, नाहीतर लिस्पला ते सापडत नाहीत. फाइलच्या नावातला आर३ आणि कागदावरचा आर३ एकाच ठिकाणाहून येतात, त्यामुळे दोघांत तफावत पडायला जागाच उरत नाही.

लिस्प दर वेळी हाताने चढवायला लागू नये म्हणून ‘अ‍ॅपलोड’च्या खिडकीतल्या स्टार्टअप यादीत टाकावा, आणि ‘सीयूआय’ मधून त्याच्या आज्ञेला बटण जोडावे. पार्श्वभूमीत प्लॉट करण्याची सोय, म्हणजे ‘बॅकग्राउंड प्लॉट’, शून्यावर ठेवा. नाहीतर एक शीट पूर्ण व्हायच्या आत दुसरी सुरू होते आणि साखळी तुटते.

बटण दाबूनही कागद रिकामा किंवा अर्धवट आला तर काय पाहायचे? ‘डेफपॉइंट्स’ नावाचा लेयर आधी पाहा. त्याच्यावर काढलेले काहीच छापले जात नाही, आणि पडद्यावर मात्र सगळे दिसते. जुनी पीडीएफ रीडरमध्ये उघडी असेल तर तिला हलवता येत नाही की तिच्यावर लिहिता येत नाही, ती बंद करा. मराठी अक्षरांचे दुखणे वेगळे. ऑटोकॅडचे स्वतःचे एसएचएक्स फाँट पीडीएफमध्ये रेषा होऊन जातात, त्यामुळे ते शब्द शोधून सापडत नाहीत. आपल्याकडे गावाचे नाव, गट क्रमांक, चतुःसीमा मराठीत लिहाव्या लागतात, तिथे युनिकोड फाँटच वापरा आणि पीडीएफच्या पर्यायांत फाँट सामावून घेण्याची खूण करा. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये लिहिलेले ‘मोताळा’ कागदावर बरोबर दिसेल, पण पीडीएफमध्ये शोधायला गेलात तर हाती भलतीच रोमन अक्षरे येतील.

एका घराच्या सहा-सात शीट असतात, तेवढ्याला बटण पुरते. पण आपल्या तालुक्यात येऊ घातलेल्या एका कामाचा विचार करा. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला २०२४ मध्ये राज्याची मंजुरी मिळाली. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्दपासून सुमारे ४२६ किलोमीटरचे कालवे, आणि त्यांचे शेवटचे टोक आपले नळगंगा धरण. १:२५०० स्केलने हा मार्ग ए१ कागदावर मांडायचा म्हटला तर ८४१ मिलिमीटरच्या कागदात समास सोडून जेमतेम दोन किलोमीटर मावतात. म्हणजे नुसत्या मार्गाच्या नकाशाच्याच दोनशेहून जास्त शीट. त्यावर उभे छेद, आडवे छेद, पूल आणि मोऱ्या वेगळ्याच. तिथे कुणी एकेक शीट उघडून प्लॉट करत बसले तर दोनशेतल्या एका तरी शीटला दुसरे स्केल लागणारच, आणि ती कोणती हे कुणालाच कळणार नाही.

अशा वेळी ‘पब्लिश’ ही आज्ञा शीटची यादी घेते आणि सगळ्यांना एकच पेज सेटअप लावून एकच बहुपानी पीडीएफ देते. यादी जतन करता येते, पुढच्या सुधारणेला तीच पुन्हा चालवायची. त्याहून पुढची सोय ‘कोअर कन्सोल’, २०१३ च्या आवृत्तीपासून ऑटोकॅडबरोबरच येते. पडद्यावर ड्रॉइंग न उघडता ती फाइलवर स्क्रिप्ट चालवते. विंडोजची चार ओळींची बॅच फाइल लिहिली तर संध्याकाळी कार्यालय बंद करताना सुरू करून सकाळी सगळा संच तयार मिळतो. आयटीआयमधून आरेखक स्थापत्य शिकून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना महागडा परवाना परवडत नाही, त्यांच्यासाठी सांगतो : लिब्रेकॅड फुकट आहे, आणि त्यातही डीएक्सएफ फाइलची पीडीएफ कमांड लाइनवरून काढता येते. कागदाचा आकार, स्केल, काळा-पांढरा ठसा, सगळे आज्ञेतच सांगायचे. तत्त्व तेच आहे.

संगणकातून नीट बाहेर पडलेला कागद वाटेतही बिघडतो. पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तिचा स्क्रीनशॉट फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि मापाचे आकडे पुसट होतात. दुसरा धोका झेरॉक्सच्या दुकानात. ए३ चा नकाशा ए४ वर ‘फिट’ करून छापला की प्रत्येक लांबी सुमारे ०.७१ पट होते, १:१०० चे स्केल १:१४१ होऊन बसते. कोपऱ्यात मात्र अजून १:१०० लिहिलेलेच असते. म्हणून माझ्या प्रत्येक शीटवर आकड्यातल्या स्केलशेजारी काढलेली प्रमाणपट्टी असते. कागद आकसला तर पट्टीही तेवढीच आकसते, ती खोटे बोलू शकत नाही. आणि टायटल ब्लॉकमध्ये प्लॉटची तारीख ‘फील्ड’ म्हणून टाकलेली असते, ती पीडीएफ काढताना आपोआप भरली जाते.

त्या घराचा मिस्त्री आजही माझ्या नकाशांवर काम करतो. कागद हातात आला की तो आधी उजवा कोपरा बघतो, आर किती ते मोठ्याने वाचतो, मला फोन करून तोच आकडा विचारतो आणि मग लाइनदोरी सोडतो.

पुढच्या आठवड्यात टायटल ब्लॉकचे अ‍ॅट्रिब्यूट कसे बनवायचे ते चित्रांसह पाहू. तोवर १:१०० च्या एखाद्या जुन्या शीटची ए३ पीडीएफ काढा, ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ निवडून छापा आणि तीन मीटरच्या खोलीवर फूटपट्टी ठेवा. तीन सेंटिमीटर भरली तर पेज सेटअप बरोबर आहे. दोन सेंटिमीटरच्या जरा पुढे जाऊन थांबली, तर मध्ये कुठेतरी ‘फिट’ची खूण राहिली आहे.