चमकी, भिकबाळी आणि कोपराखालचे हात

इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २००७ मध्ये सरकारी रुग्णालयांसाठी नियम जाहीर केला: रुग्णाला तपासताना कोपराखाली हात मोकळे हवेत. बाही वर, घड्याळ आणि बांगडी काढलेली. लग्नाचे साधे वळे चालते, खड्याची अंगठी नाही, कारण अंगठीखालच्या त्वचेवर जंतू जास्त साठतात. हा नियम वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही पाळावा लागतो. शीख विद्यार्थ्याला मात्र कडे वर सरकवून घट्ट बसवता येते. श्रद्धा आणि स्वच्छता दोन्ही सांभाळणारी ही सवलत मला फार मोलाची वाटते.

नाका-कानाचा प्रश्न वेगळा. नुकतेच टोचलेले छिद्र ही जखमच. कानाच्या पाळीची ती साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. भिकबाळी घालतात त्या वरच्या भागात कूर्चा असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्याने कित्येक महिने, कधी वर्षही लागते. तिथे स्यूडोमोनास जंतू शिरला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. म्हणून वॉर्डातली पोस्टिंग तोंडावर असताना कान टोचून घेऊ नका.

लोंबते डूल बालरुग्ण विभागात नकोतच. बाळाच्या मुठीत सापडले की पाळी फाटते. भरलेल्या छिद्रातली बारीक चमकी मात्र मास्कखाली झाकली जाते. तेवढ्यासाठी एखाद्या मुलीला प्रॅक्टिकलच्या बाहेर उभे करणे हा सरळ अन्याय आहे.