कुलूप दिसलं म्हणजे दुकान खरं नव्हे

पेणच्या गणेशमूर्ती परदेशात जातात आणि रोह्यात बसून मोबाइलवर मिक्सर मागवता येतो. बाजारपेठेत दुकानदाराचा चेहरा ओळखीचा असतो. पडद्यावर चेहराच नसतो, म्हणून आपण विश्वासाच्या खुणा शोधतो आणि अनेकदा चुकीची खूण धरतो.

संकेतस्थळाच्या पत्त्याआधीचं कुलूप एवढंच सांगतं, की तुमची माहिती वाटेत कुणी वाचू शकणार नाही. ती ज्याच्या हाती पोहोचते तो ठग आहे का, हे कुलपाला ठाऊक नसतं. हे कुलूप दिसण्यासाठी संकेतस्थळाला लागणारं प्रमाणपत्र ठगालाही फुकटात मिळतं. लोकांचा हा गैरसमज पाहून गूगलने २०२३मध्ये संगणकावरील क्रोममधून कुलपाचं चिन्हच काढलं. कुलूप शोधण्यापेक्षा पत्ता वाचा. ‘डॉट कॉम’ला अगदी लागून असलेलं नाव खऱ्या मालकाचं असतं, त्याच्या डावीकडे कुठल्याही नामांकित कंपनीचं नाव चिकटवता येतं.

पण शंका येऊनही माणूस पुढे का जातो? एकदा पैसे गुंतले की ते वाया जाऊ नयेत म्हणून माणसं तोट्याच्याच वाटेवर चालत राहतात, हे आर्क्स आणि ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५मध्ये दाखवलं. ठग हेच वापरतात: आधी थोडी रक्कम, मग डिलिव्हरी चार्ज, मग ‘परत मिळणारी’ अनामत. म्हणूनच फसलेल्याला मूर्ख ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. त्या लाजेपायी तक्रार लांबते आणि तोवर पैसे अनेक खात्यांत पांगतात.

पैसे परत देतो म्हणून कुणी पिन टाकायला सांगितलं तर लक्षात ठेवा: पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक कळताच लगेच १९३० या सायबर मदतक्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा.