पाण्यात म्हैस, बाहेर मोल

पाण्यात बसलेल्या म्हशीचं मोल काठावर उभं राहून करू नये, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. वर दिसतात ती शिंगं आणि डोळे. पाय लंगडा आहे की कास सुकली आहे, ते सगळं पाण्याखाली. तरीही माणसं असे सौदे करतच आली. नुसत्या फोटोवरून लग्नं ठरली, नकाशावरून फ्लॅट घेतले गेले आणि हल्ली तर साडीपासून सोफ्यापर्यंत सारं काही आधी फोनच्या पडद्यावर दिसतं आणि मग घरी येतं. नाही पसंत पडलं तर परत पाठवता येतं, एवढा दिलासा त्यात असतो. पण जी वस्तू परत पाठवता येत नाही, जी स्वतःच्या चाकांवर दारापर्यंत येऊही शकत नाही आणि जिच्यावर आपला आधीपासूनच जीव आहे, ती न पाहता घ्यावी का?

गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्यापुढे आला, तो १९६८ सालच्या एका बंद पडलेल्या फियाटच्या रूपाने. बँकेत लागल्यावर माझी पहिली नेमणूक विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी झाली होती. तिथले डॉक्टर माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. पण एकट्या राहणाऱ्या बँकवाल्या पोराला त्यांनी घरचाच मानला. खेड्यावर व्हिजिटला निघाले की मलाही गाडीत घालायचे. ते रोगी तपासत, मी कर्जदारांच्या विहिरी आणि बैल तपासत असे. डॉक्टर आता नाहीत. घरामागची शेड पाडायची ठरली, तेव्हा काकूंचा फोन आला. "भाऊ, कबाडी वजनावर न्यायला तयार आहे. पण डॉक्टरांची गाडी डोळ्यांदेखत तोडलेली नाही पाहवणार मला. तुम्ही नेता का?" मुलाने किंमत साठ हजार सांगितली होती. गाडी २००९ पासून जागची हललेली नव्हती. मी पुण्यात, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि रात्रभराचा प्रवास डॉक्टरांनीच बंद केलेला.

आजच्या मुलांना या गाडीचं एवढं काय, असं वाटेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटशी करार करून या गाड्या तयार होत. पन्नासच्या दशकातली, पुढची दारं उलट्या बाजूने उघडणारी फियाट लोकांच्या तोंडी 'डुक्कर फियाट' झाली. मग १९६४ मध्ये ११०० डी आली, तिला 'डिलाईट' म्हणत. इंजिन १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, चालवणारा धरून माणसं पाच आणि प्रत्यक्षात बसत आठ. पुढे तिचीच 'पद्मिनी' झाली. ती मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी कायमची उतरली, तेव्हा परळ-दादरच्या कितीतरी घरांत घरचंच माणूस गेल्यासारखं वाटलं असणार.

बँकवाल्यांना तर फियाट म्हटलं की आणखी एक हकीकत आठवते. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले तरी घरची गाडी नव्हती. १९६४ मध्ये मुलांच्या आग्रहाखातर बारा हजारांची फियाट घ्यायची ठरली. शिल्लक होती सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडे रीतसर अर्ज केला. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं, आणि ते कर्ज ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. ही हकीकत त्यांच्या मुलांनीच सांगितलेली आहे. ती गाडी दिल्लीच्या शास्त्री स्मारकात ठेवलेली आहे. गाडी मागे उरते आणि तिचे कागद घरच्या बाईला निस्तरावे लागतात, हे त्यातलं मला जास्त लक्षात राहिलेलं.

आता मोलाकडे वळतो. बँकेत आम्ही एक शब्द रोज वापरत असू : नजरगहाण. माल कर्जदाराच्याच ताब्यात राहतो, बँकेचा त्यावर फक्त हक्क. पण म्हणूनच अधिकाऱ्याने गोदामात जाऊन पोती मोजायची, एखाद्या पोत्यात बोटही घालून पाहायचं, हा नियम. वरच्या थरात गहू आणि खाली भुसा निघाल्याच्या गोष्टी प्रत्येक शाखेत सांगितल्या जात. कायदाही यापेक्षा वेगळं सांगत नाही. १९३० च्या वस्तू विक्री कायद्यात वर्णनावरून केलेल्या विक्रीचं कलम आहे. माल वर्णनाबरहुकूम हवा, एवढं ते सांगतं. गिऱ्हाइकाला माल तपासायला वाजवी संधी मिळावी, असंही कलम आहे. पण माल चांगला निघेल, आपल्या कामी येईल, याची हमी कायदा सहसा देत नाही. ते पाहणं गिऱ्हाइकाचं काम. 'जुनी फियाट, बंद, आहे तशी' हे वर्णन तर इतकं खरं असतं, की त्यात फसवणूक सिद्ध करायला जागाच उरत नाही.

म्हणजे आपण जाऊ शकत नसलो, तर आपले डोळे कुणाकडे तरी उसने ठेवायचे. काकूंचा नातू इंजिनियरिंगला. त्याला मी एक यादी पाठवली. वाचकांपैकी कुणावर अशी वेळ आली, तर उपयोगी पडेल म्हणून ती सांगतो.

बाहेरून काढलेले फोटो नकोत, हे पहिलं. रंग सगळेच दाखवतात. फ्रिजवर चिकटवतो तो लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवायचा. जिथे तो धरत नाही, तिथे पत्रा कमी आणि लांबी जास्त. मग पायाखालचं मॅटिंग उचलून तळाचा फोटो. डिकीचं स्टेपनी ठेवायचं खोलगट भांडं, दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावायची जागा, हे सगळं जवळून. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हलक्या हाताने टेकवायचं. आवाज 'टण' आला तर पत्रा आहे, टोक आत गेलं तर गंज आहे. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासीची चौकट नसते. तळ आणि बॉडी मिळूनच सांगाडा. त्यामुळे तळ कुजला म्हणजे नुसती जमीन फुटली असं नाही, घराची भिंतच पोखरली.

इंजिनाचं मात्र लोक उगाच भय घेतात. पंधरा वर्षांत टाकीतल्या पेट्रोलचा चिकट राळ होतो, ब्रेकचे सिलिंडर धरतात, वायरी उंदीर खातात, हे गृहीतच धरायचं. पाहायचं एवढंच की इंजिन जाम आहे का. चाकं मोकळी असतील तर गाडी टॉप गिअरमध्ये टाकायची आणि दोघांनी हळूच मागेपुढे ढकलायची. इंजिनाची खालची पुली किंचित फिरली, तर आत जीव आहे. नाहीच फिरली, तरी प्लग काढून आत तेल सोडायचं आणि चार दिवस वाट पाहायची. इंजिन उतरवून बांधता येतं. तशी माणसं अजून आहेत, आणि चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात फिरलं तर फियाटचे भागही अजून हाती लागतात. पत्र्याचं काम जाणणारा चांगला मिस्त्री मिळणं त्याहून अवघड.

तिसरी गोष्ट कागद. आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर, आणि प्रत्यक्ष गाडीवर ठोकलेले नंबर, दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी हवेत. कागद नसलेली गाडी ही गाडी नसते, ते भंगार असतं, मग ती कितीही सुंदर दिसो.

दोन दिवसांत नातवाची उत्तरं आली. पुली फिरली होती. नंबर जुळले होते. आणि ड्रायव्हरच्या पायाखाली, तसंच त्या बाजूच्या दाराखालच्या पट्टीत, स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला होता. कागदांत दोन अडचणी. गाडी अजून डॉक्टरांच्याच नावावर होती. शिवाय आरसीवर एका बँकेच्या कर्जाची नोंद तशीच होती, जी कर्ज फिटल्यावर काढून घ्यायची राहून गेलेली.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. किंमत साठ हजार. ट्रेलरवर घालून पुण्याला आणायचे अठ्ठावीस हजार. ओळखीच्या मिस्त्रीने फोटो पाहून तळाचं आणि पट्ट्यांचं काम रंगासह सव्वादोन लाख सांगितलं. इंजिन, ब्रेक, वायरिंग एक लाख वीस हजार. टायर, काचांची रबरं, सीटा साठ हजार. बेरीज चार लाख त्र्याण्णव हजार, आणि हा अंदाज न पाहिलेल्या गाडीचा; मिस्त्रीच म्हणाला, उघडल्यावर वाढतो, कमी होत नाही. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आणले. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षांची, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण गाडी मूळ रूपात हवी, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर काढायची. तळ नवा बसवल्यावर 'मूळ रूप' कशाला म्हणायचं, हा वाद वेगळाच.

आमच्या घरी अशा वेळी शेवटचा प्रश्न नेहमी सौभाग्यवतींचा असतो. हिशेब वाचून तिने चष्मा काढला आणि विचारलं, "यातून आपण जायचं कुठे?" मी म्हटलं, रविवारी सकाळी, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत. ती म्हणाली, "तुमच्या या गुडघ्याने क्लच दाबणार? आणि मुलगा तिकडे परदेशात. उद्या आपल्यामागे आपली शेड रिकामी करायला कुणाला फोन करायचा, ते आत्ताच लिहून ठेवा."

पाच लाखांचा आकडा मी पचवला असता. हौसेला मोल नसतं, आणि निवृत्तीचे पैसे काय छातीवर बांधून न्यायचेत? पण हे वाक्य पचेना. काकूंच्या अंगणातलं ओझं उचलून मी माझ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणून ठेवणार, आणि दहा-पंधरा वर्षांनी माझ्या घरातलं कुणी तरी असाच जड आवाजात कुणाला तरी फोन करणार. गाडी वाचवल्याचं समाधान माझं, आणि ती मोडण्याचं दुःख पुढच्याचं. यात डॉक्टरांच्या आठवणीचा मान कुठे राहिला?

काकूंना नाही म्हणणं सोपं नव्हतं. कर्ज नाकारताना आम्ही एक पाळत असू : नकार लवकर द्यायचा, कारण खरं सांगायचं आणि पुढची वाट दाखवायची. मी त्यांना सांगितलं, की तळ कुजला आहे, मला ती चालवता येणार नाही, आणि नुसती उभी करून ठेवण्यासाठी मी ती नेणार नाही. फोनवर थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "डॉक्टरही असंच तोंडावर सांगायचे." मी म्हटलं, कबाड्याला महिनाभर थांबवा, कागद मी पाहतो.

कागद हा माझा प्रांत. डॉक्टरांच्या फायलीत १९७१ सालचं, कर्ज पूर्ण फिटल्याचं बँकेचं पत्र पिवळं पडून का होईना, सापडलं. त्या जोरावर बँकेकडून ना-हरकत आणि फॉर्म ३५ घेतला. वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो, तो भरून नातवाकरवी आरटीओत दिला. खेटे पडले, महिन्याचे तीन महिने झाले, पण गाडी काकूंच्या नावावर झाली. मग शेजारच्या तालुक्यातला एक गॅरेजवाला तरुण येऊन तिच्याखाली पाठीवर झोपला, पाऊण तास बॅटरी मारून पाहत राहिला, आणि उठून चाळीस हजार म्हणाला. तळाचं काम तो स्वतः करणार होता. मिस्त्रीचे सव्वादोन लाख त्याच्या हिशेबात नव्हतेच. काकूंनी होकार दिला.

म्हणून न पाहता जुनी गाडी घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. विश्वासाचे डोळे तिथे असतील, कागद स्वच्छ असतील, आणि सगळं वाईटात वाईट निघालं तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम गुंतत असेल, तर जरूर घ्यावी. तरुणांनी तर घ्यावीच. चांगल्या गाड्या अशाच कुणाच्या तरी वेडापायी वाचतात. पण साठीनंतर त्या यादीत आणखी एक ओळ घालावी. गाडी कितीला पडेल हे मिस्त्री सांगतो. पुढे ती कुणाच्या गळ्यात पडेल, हे मात्र आपलं आपणच विचारायला हवं.