बाटलीतली प्रतिकारशक्ती आणि तळ्यातला रोहू

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान, कोलिस्टिन यांसारख्या प्रतिजैविकांवर घातलेली बंदी 1 एप्रिल 2025 पासून दूध, मांस, अंडी यांबरोबर मत्स्यसंवर्धनालाही लागू झाली. त्या औषधांची जागा घेण्यासाठी ‘इम्युनिटी बूस्टर’ नावाची पुडकी आणि बाटल्या पुढे सरसावणे हे बाजाराच्या रीतीला धरूनच आहे. मध्य प्रदेशातील लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात बलराम ताल योजनेसारख्या शेततळ्यांत किंवा पंचायतीच्या तलावांत कटला, रोहू, मृगळ वाढवणाऱ्याने ही बाटली घ्यावी की नाही, याचे उत्तर बाटलीवरच्या मजकुरात सापडत नाही. त्यासाठी माशाच्या शरीरातील एका दुर्लक्षित अवयवाकडे वळावे लागते.

माशाच्या हाडांत रक्तपेशी घडवणारी मज्जा नसते आणि त्याला लसीकाग्रंथीही नसतात. ते काम मूत्रपिंडाचा डोक्याकडील भाग, म्हणजे अग्रवृक्क, प्लीहेच्या साथीने करतो. जंतूंना गिळणाऱ्या भक्षकपेशी येथे तयार होतात आणि विशिष्ट जंतूला ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, तयार करणाऱ्या पेशीही येथेच घडतात. विलक्षण भाग असा की, ताण आला की स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरकही याच अग्रवृक्कातील पेशी सोडतात, आणि ते रक्तात दीर्घकाळ चढे राहिले तर शेजारच्याच संरक्षक पेशींची संख्या व धार दोन्ही घटतात. पहाटे पाण्यातला प्राणवायू संपल्यामुळे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळणारा मासा, तळाशी साठलेल्या शेणाखाद्यातून सुटणाऱ्या अमोनियाने कल्ले चुरचुरणारा मासा, किंवा हेक्टरी झेपेल त्याहून दुप्पट बोटुकली सोडल्यामुळे दाटीत वाढणारा मासा, हे सारे आपल्याच शरीरात आपली प्रतिकारशक्ती दाबत असतात. वरून कोणते चूर्ण खाऊ घातले आहे याने त्यात फारसा फरक पडत नाही.

म्हणून ही चूर्णे निव्वळ भूलथापा आहेत, असेही म्हणता येत नाही. त्यांतील सर्वांत अभ्यासलेला घटक, म्हणजे यीस्टच्या पेशीभित्तिकेतून काढलेले बीटा-ग्लुकान, माशाच्या भक्षकपेशींना बुरशी आल्याचा आभास देतो आणि त्या आधीच सज्ज होतात. पण ही सज्जता काही आठवड्यांची असते, आणि तोच घटक महिनोनमहिने सतत दिल्यास परिणाम ओसरतो, काही प्रयोगांत तर उलटलाही आहे. क जीवनसत्त्वाची गोष्ट अधिक सरळ आहे, कारण रोहू-कटल्यासह बहुतेक हाडांच्या माशांना ते स्वतः तयार करता येत नाही आणि कोंडा व भुईमुगाची पेंड यांच्या पारंपरिक मिश्रणात ते जवळजवळ नसते.

लसीचा मार्ग डोळे दिपवणारा आहे, पण तो अन्य अर्थव्यवस्थेत घडला. ट्राउट माशांना खाद्यातून लस देण्याचा प्रयोग डफ या संशोधकाने 1942 मध्ये प्रसिद्ध केला होता, आणि नॉर्वेने सामनच्या प्रत्येक पिल्लाला तेलयुक्त लस टोचून 1987 च्या सुमारास वर्षाला सुमारे 50 टनांवर गेलेला प्रतिजैविकांचा वापर नव्वदच्या दशकात नगण्य पातळीवर आणला. मोजक्या रुपयांच्या बोटुकलीला एकेक करून सुई टोचणे सौंसरच्या तळ्यात कोणाला परवडणार? भारतात विकसित झालेली ‘सीबा-नोडाव्हॅक-आर’ ही लस जिताड्यासारख्या माशांच्या मज्जासंस्थेवर हल्ला करणाऱ्या विषाणूसाठी आहे, आणि गोड्या पाण्यातील जीवाणूजन्य रोगांवरील लसींसाठी मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचे तंत्रज्ञान उद्योगाकडे गेले असले तरी कार्पपालकाने आज त्यांच्यावर विसंबून हंगाम आखणे शहाणपणाचे नाही.

या भागातील खरी कसोटी हिवाळ्यात लागते. मासा शीतरक्ताचा असल्याने पाण्याचा पारा उतरला की प्रतिपिंडे बनायला फार वेळ लागतो, आणि नेमक्या त्याच काळात ‘अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स’ या बुरशीसदृश जीवामुळे होणारा व्रणरोग, म्हणजे अंगावर लाल चट्टे व खोल जखमा पाडणारा आजार, पसरतो. हा रोग 1988 मध्ये ईशान्येकडून भारतात शिरला. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने त्यावर ‘सिफॅक्स’ हे द्रावण तयार केले. चुना त्याहून जुना आणि स्वस्त. मरळ या रोगाला सहज बळी पडतो, तर सायप्रिनसच्या, म्हणजे कॉमन कार्पच्या, ऊतींत तीव्र दाह होऊन त्या जीवाभोवती पेशींची भिंत उभी राहते आणि तो सहसा वाचतो, म्हणजे प्रतिकार म्हणजे काय हे पाहायचे तर पुडक्यापेक्षा सायप्रिनसचा अभ्यास अधिक बोधप्रद ठरावा. माशांच्या उवा म्हणजे अर्गुलस हे कीटकवत परजीवीही त्वचेला छिद्रे पाडून श्लेष्माचे, म्हणजे अंगावरील बुळबुळीत थराचे, कवच फोडतात आणि जीवाणूंना वाट करून देतात.

संत्र्यांच्या या पट्ट्यात एक धोका मात्र पुस्तकांतून क्वचितच वाचायला मिळतो. डिंक्या रोगासाठी झाडांच्या बुंध्याला लावली जाणारी बोर्डो पेस्ट आणि फवारणीचे बोर्डो मिश्रण यांत मोरचूद, म्हणजे तांबे, असते, आणि तांबे माशांच्या कल्ल्यांना व श्लेष्मथराला अत्यल्प मात्रेतही अपाय करते. मऊ पाण्यात हा अपाय अधिक होतो. फवारणीचा पंप तळ्यात धुणाऱ्याला मग कोणतीही बाटली वाचवू शकत नाही.

चुना टाकण्याची, दाटी कमी करण्याची, गाळातील कुजके काढण्याची आणि खाद्यातील ग्लुकानचा पंधरवडा सुरू करण्याची वेळ पाणी थंड होण्याआधीची, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरची आहे. आंबिया बहाराची तोड याच आठवड्यांत येते; गडी माणसे बागेत आणि मालक नागपूरच्या बाजारभावात गुंतलेले असतात, तेव्हा तळ्याकडे कोणाचेच लक्ष नसते.