लसावि काढण्यापूर्वी

नेरळहून माथेरानला जाणारी छोटी रेल्वे १९०७ सालची. तिचा सर्वांत तीव्र चढ २० ला १ आहे. कर्जतहून बोरघाटात शिरणारा मोठा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्याचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, आणि तेवढ्यासाठीही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लावावी लागतात. या चढांवर क्ष मीटर लांबी धरली, तर पहिला क्ष/२० मीटर उंच नेतो, दुसरा क्ष/३७ मीटर. दोन्ही मिळून ५७ मीटर उंची व्हायची असेल, तर क्ष किती? आठवीत एकचल समीकरणे शिकलेला विद्यार्थी छेदांचा लसावि ७४० काढतो, दोन्ही बाजूंना त्याने गुणतो, ३७क्ष + २०क्ष = ४२१८० असे मांडतो आणि ५७ ने भागून क्ष = ७४० लिहितो. उत्तर बरोबर आहे. पण या पायऱ्यांत ५७ ने आधी गुणले गेले आणि लगेच ५७ नेच भागले गेले. क्ष ७४० धरला असता तर ३७ आणि २० मिळून थेट ५७ झाले असते. माझे म्हणणे लसाविविरुद्ध नाही. समीकरण पुरते पाहण्याआधीच तो काढला जातो, ही सवय मला घातक वाटते.

आता लांबलचक वाटणारे समीकरण घेऊ: क्ष/२ + क्ष/६ + क्ष/१२ + क्ष/२० + क्ष/३० = २५. लसावि ६०; डावीकडे ३०, १०, ५, ३, २ मिळून ५०क्ष, उजवीकडे १५००, म्हणून क्ष = ३०. दुसरी वाट जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त तिला इष्टकर्म म्हटले आहे: सोयीची संख्या धरायची, काय येते ते पाहायचे आणि त्रैराशिकाने दुरुस्त करायचे. इथे ६० धरले तर बेरीज ५० येते. हवी २५, म्हणून क्ष ६० च्या निम्मा. त्याच ग्रंथातल्या भुंग्यांच्या उदाहरणात थव्याचा पाचवा भाग एका फुलाकडे जातो, तिसरा भाग दुसऱ्याकडे, या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्याकडे, आणि एक भुंगा उरतो. थवा ३० चा धरला तर ६, १० आणि १२ जातात, २ उरतात. उरायला हवा १, म्हणून थवा १५ चा. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. आपल्याच मुलखात शिकवली गेलेली ही रीत आज वर्गात क्वचितच दिसते, याची मला खरोखर खंत वाटते. तिसरी वाट नुसती बेरीज करत जाण्याची. १/२ आणि १/६ मिळून २/३, पुढचा घेतला की ३/४, मग ४/५, मग ५/६. इतके नीटस उत्तर दर वेळी का येते, हा प्रश्न पडला की चौथी वाट सापडते. छेद आहेत १×२, २×३, ३×४ असे. म्हणून १/६ म्हणजे १/२ वजा १/३, १/१२ म्हणजे १/३ वजा १/४. मधले सगळे एकमेकांना खातात आणि १ वजा १/६ एवढेच उरते. १६७२ साली पॅरिसमध्ये हायगेन्सने तरुण लायब्निझपुढे ठेवलेली अनंत श्रेढी याच अपूर्णांकांच्या दुपटींची होती आणि त्याने ती अशीच वजाबाक्यांत मोडून सोडवली. आपली साखळी ९९×१०० या छेदापर्यंत नेली, तर लसावि ४१ अंकी होतो. चौथ्या वाटेने मात्र बेरीज एका ओळीत ९९/१०० येते.

यावर शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे. कर्जत-खालापूरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरून येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी बीजगणित पाहिलेले कुणी नसते. अशा मुलाला चार रीती दाखवून गोंधळात टाकण्यापेक्षा एक खात्रीची द्यावी, परीक्षेत पायऱ्यांना गुण मिळतात, असे ते म्हणतात. मात्र खात्रीची म्हटलेली रीतच कुठे मोडते ते पाहावे. ती लसाविच्या मोठ्या गुणाकारात मोडते, आणि उजव्या बाजूला गुणायचे राहून जाते तिथे मोडते. इष्टकर्माला लागते ती फक्त प्रमाणाची समज, दहा किलो तांदळाच्या भावावरून पाच किलोचा काढता येण्याइतकी. गुणांसाठी पायऱ्या लसाविच्या लिहाव्यात, पडताळा इष्टकर्माने घ्यावा. त्याला दोन ओळी पुरतात. इष्टकर्मालाही मर्यादा आहे. डावीकडे क्षसोबत सुटी संख्या असेल, तर ती आधी उजवीकडे न्यावी लागते, नाहीतर प्रमाण चुकते. हेही मुलांना चुकीचे उत्तर काढून दाखवावे, म्हणजे नियम का आहे ते कळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अशी साखळी जुळते ती मुद्दाम रचलेल्या उदाहरणातच. हे खरे आहे, आणि म्हणूनच त्याच तासाला फळ्यावर क्ष/३ + क्ष/७ + क्ष/११ = १३१ हेही हवे. इथे छेदांत कसलीच साखळी नाही. मुलाने छेद गुणाकारांत मोडून पाहावेत, काही हाती लागत नाही अशी खात्री करून घ्यावी आणि मग लसावि २३१ कडे वळावे. कुणी २३१ ने गुणेल, कुणी क्ष २३१ धरेल. दोघांच्याही वहीत ७७, ३३ आणि २१ याच संख्या येतील, आणि त्यांची बेरीज १३१ आहे.