रात्रभर गिरणी चालू होती!

2019 सालची गोष्ट. पुतणीच्या लग्नात आम्ही दहा-बारा जणी कार्यालयाच्या हॉलमध्ये ओळीनं गाद्या टाकून झोपलो होतो. सकाळी चहा घेताना वन्सं म्हणाल्या, ‘‘वहिनी, रात्रभर गिरणी चालू होती हो!’’ सगळ्या खो-खो हसल्या. मीही हसले. पण त्यानंतर चार वर्षं मी कुणाकडे मुक्कामाला गेले नाही. भाचीच्या बारशालासुद्धा संध्याकाळची एस.टी. पकडून वाईला परत आले. पुरुष घोरला तर चेष्टा होते, बाई घोरली तर तिलाच चोरी केल्यासारखं वाटतं. खरं की नाही?

पण घोरण्यापेक्षा त्रास वेगळाच होता. आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड. मेथी निवडता निवडता डुलकी. रक्तदाबाच्या एका गोळीच्या दोन झाल्या, तरी दाब खाली येईना. म्हटलं, पाळी गेली, पन्नाशी उलटली, आता हे असंच चालायचं. शेजारच्या काकूंनी त्यांची झोपेची गोळी दिली, ‘‘अर्धी घे, निवांत झोपशील.’’ घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी बधिर!

मग लेकीनं पुण्याहून घड्याळ पाठवलं, झोप मोजणारं. रोज सकाळी मोबाइलवर मार्क यायचे. कधी 82, कधी 85. ‘‘आई, तू तर मस्त झोपतेस की!’’ आयुष्यात गणितात इतके मार्क पडले नव्हते, आणि इथे उभं राहवत नव्हतं. आता कळतं, ते घड्याळ मनगटाची हालचाल आणि नाडीचे ठोके बघून अंदाज बांधतं. मेंदूत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. निपचित पडून राहिलं तरी कित्येकदा ते झोपच धरतं.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘‘घोरता का?’’ मी म्हटलं, ‘‘थोडंसं.’’ तेवढ्यात हे म्हणाले, ‘‘घोरते त्याचं काही नाही हो. घोरता घोरता मध्येच एकदम थांबते. श्वासच येत नाही. मी हलवतो, मग मोठा आवाज होऊन सुरू होतो.’’ किती दिवस? ‘‘दोन-तीन वर्षं झाली असतील.’’ दोन-तीन वर्षं हा माणूस रात्री जागा राहून मला हलवत होता आणि एका शब्दानं बोलला नव्हता. मला वाईट वाटेल म्हणून!

पुण्याला एका रुग्णालयात एक रात्र झोपून तपासणी झाली. डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर, पायांवर वायरी चिकटवलेल्या, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. दिवाळीतल्या माळेसारखी मी! अशा अवस्थेत झोप कशी लागणार? पण लागली.

मेंदूच्या विजेचे तरंग कागदावर उतरवण्याची युक्ती जुनी आहे. जर्मनीतल्या हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये पहिल्यांदा माणसाच्या मेंदूची अशी नोंद घेतली. त्या तरंगांवरूनच पुढे कळलं, की झोप म्हणजे नुसता अंधार नाही. हलकी झोप, गाढ झोप, स्वप्नांची झोप असा फेरा साधारण दीड तासाचा, आणि रात्रभरात असे चार-पाच फेरे होतात.

माझे फेरे पूर्णच होत नव्हते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद व्हायची. रक्तातला प्राणवायू उतरला, की मेंदू धोक्याची घंटा वाजवून मला काही सेकंद जागं करायचा. वाट उघडायची, पुन्हा झोप, पुन्हा बंद. तासाला 34 वेळा! तीसच्या वर गेलं की ते तीव्र धरतात. सकाळी यातलं काहीही आठवत नाही. प्रत्येक वेळी शरीर घाबरतं, रक्तदाब चढतो. आणि झोपेच्या काही गोळ्या घसा आणखी सैल करतात, मेंदूची घंटाही उशिरा वाजते. काकूंच्या गोळीबद्दल ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, तो यामुळे.

पाळी थांबल्यावर बायकांमध्ये हे वाढतं, कारण श्वासाला आणि घशाच्या स्नायूंना आधार देणारी संप्रेरकं कमी होतात. शिवाय आपण डॉक्टरांना सांगतो काय? थकवा, डोकेदुखी, झोप मोडते. घोरण्याचं गिळून टाकतो. मग टॉनिक मिळतं.

उपाय म्हणजे सीपॅप नावाचं डब्याएवढं यंत्र. नाकावरच्या मास्कमधून सौम्य दाबानं हवा सोडतं, आणि त्या हवेच्या टेकूनं घसा उघडा राहतो. 1980 मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी पहिलं यंत्र जुळवलं, ते व्हॅक्युम क्लीनरची मोटर वापरून! ज्या रुग्णाला घशाला भोक पाडायचा सल्ला मिळाला होता, तो त्या रात्री शांत झोपला.

माझं मात्र पहिल्या रात्री जमलं नाही. मास्क लावला की गुदमरायला व्हायचं. आठवडाभर मी तो संध्याकाळी टीव्ही बघताना लावून बसायचे. नातू म्हणाला, ‘‘आजी, तू विमान चालवतेस?’’ पैसेही बरेच गेले, चाळीस हजारांच्या घरात. दिवाळीला घ्यायच्या बांगड्या राहिल्या. वीज जाते म्हणून खोलीत इन्व्हर्टरची वेगळी लाइन घेतली. सगळ्यांना यंत्रच लागतं असं नाही बरं का. सौम्य त्रास असेल तर वजन उतरवून, कुशीवर झोपून काहींचं भागतं. तपासणीही आता बऱ्याचदा घरच्या घरी होते.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि डोकं दुखत नव्हतं. शेजारी हे गाढ झोपलेले. दूधवाल्यानं दोनदा हाक मारली, तरी मी त्यांना उठवलं नाही. चारेक महिन्यांनी रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनी बंद केली.

गेल्या लग्नसराईत पुन्हा कार्यालयात मुक्काम झाला. प्लगसाठी पोरींच्या मोबाइल चार्जरशी भांडून मी माझी जागा धरली आणि सगळ्यांसमोर मास्क लावला. वन्सं आ वासून बघत राहिल्या. पहाटे पाणी प्यायला उठले, तर त्या गादीवर बसलेल्या. हळूच म्हणाल्या, ‘‘वहिनी, सकाळी उठल्या उठल्या माझं पण डोकं दुखतं हो. त्या डॉक्टरांचा नंबर द्या ना.’’